पेट्रोलच्या वासाचे उगमस्थान

वास प्रथम मला आला, ही गोष्ट मी आरंभीच स्पष्ट करून ठेवतो; कारण आमच्या घरात हे श्रेय आजतागायत माझ्या पत्नीला, म्हणजे शोभाला दिले जाते, आणि त्याचा आधार इतकाच की तिने तो मोठ्याने बोलून दाखवला. सोमवारी सकाळी गाडी सुरू करताना मला तो आला, मी त्याचा विचार करू लागलो, आणि विचार पूर्ण होण्याच्या आत मागल्या दारातून विचारणा झाली की अंगणात पेट्रोल कोणी सांडले. विचार करणारा मागे पडतो आणि बोलणारा पुढे जातो, हा अनुभव मला नवा नाही.

इतर कोणत्याही आठवड्यात मी ह्या वासाशी शांतपणे वाद घातला असता. पण शुक्रवारी लाखांदूरहून तृप्तीला आणायचे होते. तृप्ती ही आमची एकुलती एक मुलगी. तिला सातवा महिना लागला होता, आणि पहिले बाळंतपण माहेरी, त्यासाठी मुलीला आणायला बापाने स्वतः जायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. तृप्तीच्या सासूबाई, उषाबाई, यांनी रविवारी फोन करून मुहूर्त कळवला होता: शुक्रवारी दुपारी बाराच्या आत मुलगी उंबऱ्याबाहेर पडली पाहिजे, बारानंतरची वेळ बरी नाही. एवढे सांगून त्या थांबत्या तर मी त्यांचा ऋणी झालो असतो.

"इवाईजी," त्या म्हणाल्या (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात), "तुमची गाडी आता जुनी झाली. आमच्या नव्या गाडीनं अनुप आनून सोडते तिले. तुमी कायले तकलीफ करता?"

मी त्यांना सविस्तर सांगितले की वस्तू जुनी असणे आणि वस्तू निकामी असणे ह्या दोन भिन्न अवस्था आहेत, आणि एकीवरून दुसरी सिद्ध होत नाही. ह्याच गाडीने मी तृप्तीला पहिल्या दिवशी शाळेत पोचवले होते, ह्याच गाडीने तिची सासरी पाठवणी केली होती, आणि ह्याच गाडीने मी तिला परत आणणार होतो. उषाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बरं. पन तिले लय मळमळते. गाडीत वासबिस नसावा."

हे रविवारी. आणि सोमवारी वास.

गाडी एकवीस वर्षांची असली तरी तिच्यावर माझा विश्वास होता, आणि त्याहून अधिक विश्वास आमच्या घरच्या धाग्यावर. आम्ही आंधळगावचे, पिढ्यान् पिढ्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणारे. मी स्वतः मागावरून उठून कोशाच्या साड्यांच्या व्यापारात आलो त्याला तीस वर्षे झाली, पण हाताची सवय मागाचीच राहिली. घरात काही गळू लागले की इतर लोक मिस्त्रीला बोलावतात. आम्ही कोशाचा धागा घेतो, चुन्याच्या पाण्यात बुडवतो आणि गळत्या जागी घट्ट वेढतो. बोअरच्या मोटरचा जोड, फवारणीचा पंप, गॅसच्या शेगडीच्या नळीचे तोंड, सर्व ह्याच पद्धतीने बंद झालेले आहेत. मोरीतला नळ तर अकरा वर्षे एका थेंबाला मोताद आहे. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मंगळवारी सकाळी मी गाडीचे झाकण उघडून उभा राहिलो, आणि पाच मिनिटांत शेजारचे टिकाराम येऊन पोचले. टिकाराम एस.टी.त बत्तीस वर्षे चालक होते. सबंध हयात डिझेलमध्ये गेल्यामुळे पेट्रोल हे इंधन त्यांना काहीसे बाळबोध वाटते. त्यांचे म्हणणे पडले की पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास यायचाच. माणसाला घाम येतो, त्याला कोणी मिस्त्रीकडे नेत नाही. मी ह्या उपमेतील दोष दाखवत असताना ते अधिक जवळून पाहण्यासाठी इंजिनावर वाकले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांच्या ओठात पेटलेली बिडी आहे.

तिच्या टोकाला बोटभर राख जमली होती. ती पडणार होती. कुठे, एवढाच प्रश्न होता. मी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या तोंडातील वस्तू न विचारता काढून घेतली आणि कुंपणापलीकडे भिरकावली. टिकाराम सावकाश सरळ झाले, मिशीवरून हात फिरवला, आणि म्हणाले की अंगाचा साबण ओला करून जोडावर थापला की कोणतीही गळती थांबते, हे ते मला सांगणार होते, पण आता सांगणार नाहीत. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मात्र कुंपणावरून रोज गाडीच्या रिकाम्या जागेकडे पाहत, गाडी वाटेतच पेटली असावी अशा मुद्रेने.

राजकुमारचे गॅरेज मोहाडीच्या रस्त्याला आहे; त्याच दुपारी गाडी मी तिथे नेली. माणूस चाळिशीचा, हात स्वच्छ, बोलणे कमी. त्याने इंजिन सुरू केले नाही. नुसती चावी फिरवली. मागे टाकीतून दोन क्षण गुणगुण ऐकू आली आणि थांबली. मग त्याने वर्तमानपत्राचा कागद फाडून त्याच्या चार पट्ट्या केल्या आणि एकेका जागी दाबून पाहिल्या. पहिली कोरडी. दुसरी कोरडी. तिसरी त्याने माझ्यापुढे धरली. तिच्यावरची अक्षरे पलीकडून दिसत होती.

त्याने सांगितले ते असे: इंजिनावर एक आडवी नळी असते, तिला चार तोट्या लटकलेल्या असतात, त्यांना इंजेक्टर म्हणतात, आणि त्या इंजिनाच्या चार कप्प्यांत पेट्रोलचा फवारा मारतात. प्रत्येक इंजेक्टर नळीत जिथे शिरतो तिथे रबराची एक रिंग असते. तिसऱ्या इंजेक्टरची रिंग वाळून कडक झाली होती आणि तिच्या कडेने पेट्रोल झिरपत होते. मी विचारले की चारही रिंगा एकाच वयाच्या असताना तिसरीनेच दगा का द्यावा. त्याने सांगितले की ते त्याला माहीत नाही. मी म्हटले, कारण माहीत नसताना उपाय सुचवणे हे तर्काला धरून नाही. त्याने हात पुसले.

"काकाजी, गळून ते राहिली ना? गरम इंजनवर एक थेंब पडला, तं बोलाले तुमी राहनार नाही. चारही रिंगा आना. तवरिक गाडी चालू नका करू."

हा युक्तिवाद अपूर्ण होता, पण मी गाडी तिथेच ठेवली.

बुधवारी मी एस.टी.ने भंडाऱ्याला गेलो. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरील गृहस्थांनी कळवले की ह्या गाडीला दोन प्रकारच्या रिंगा येतात, कोणती कोणत्या गाडीला हे चासी नंबरवरून ठरते, आणि एकदा दिलेली रिंग परत घेतली जात नाही. मी म्हटले की दोन्ही प्रकार दाखवा, मी नजरेने सांगतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले की नजरेने साडी घेतात. माझ्या व्यवसायाची त्यांना कल्पना नव्हती, तरी हे बोलणे मला लागले.

गाडीचे नोंदणीपत्र घरी, शोभाच्या कपाटात. तिने फोनवरून छायाचित्र पाठवले ते गेल्या साली संपलेल्या विम्याचे निघाले. दुसरे पाठवले ते नोंदणीपत्राचेच होते, परंतु घडीवर आलेला एक आकडा एकवीस वर्षांत घासून नाहीसा झालेला. तो तीन होता की आठ, यावर मी काउंटरवरील गृहस्थांशी पंधरा मिनिटे चर्चा केली. अखेर त्यांनी सांगितले की आकडा गाडीच्या लोखंडावर कोरलेला असतो, तो पाहून यावे. मी परतलो, राजकुमारने गंज खरवडला, तो आठ निघाला. माझे मत तीनचे होते. गुरुवारी सकाळी मी पुन्हा भंडाऱ्याला गेलो आणि चार रिंगा, एका चिमुकल्या पाकिटात, छातीच्या खिशात घेऊन आलो. दोन दिवसांत तृप्तीचे तीन फोन येऊन गेले होते. प्रत्येक वेळी तिने एवढेच विचारले, "बाबा, येऊन राहिले ना तुमी?" आणि प्रत्येक वेळी मी म्हटले की यात प्रश्नच नाही.

आता मी त्या प्रसंगाकडे येतो, ज्याच्याबद्दल मला पुष्कळ ऐकावे लागले आहे.

गुरुवारी दुपारी राजकुमारने नळी उचलली, इंजेक्टर काढले, जुन्या रिंगा टाकल्या, नव्या चढवल्या आणि चारही इंजेक्टर पांढऱ्या फडक्यावर ओळीने ठेवले. इतक्यात आतून त्याला जेवायला हाक आली. "धा मिनिटांत येतो," तो म्हणाला. "हात नका लावू."

मी दहा मिनिटे त्या चार रिंगांकडे पाहिले. चारही सारख्याच: काळ्या, तकतकीत, बोटाने दाबल्या तर दबतील अशा. ह्याच जातीच्या रिंगेने एकदा दगा दिला होता. उद्या त्या रिंगेच्या पलीकडे, तीन हातांवर, माझी मुलगी बसणार होती. खिशात, गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी नेहमी असते तशी, कोशाच्या बारीक धाग्याची लडी होती. मोरीचा नळ मला आठवला. अकरा वर्षे. मी तिसरा इंजेक्टर उचलला, रिंग नखाने किंचित वर सारली आणि तिच्या खाली दोन वेढे दिले. विणकराच्या हाताने दिले, म्हणजे डोळ्याला दिसणार नाहीत असे. रिंग पुन्हा खाली बसवली आणि इंजेक्टर फडक्यावर जिथल्या तिथे ठेवला.

राजकुमार परतला, रिंगांना तेलाचे बोट लावले, नळी दाबून बसवली, बोल्ट आवळले. तिसऱ्यापाशी तो जरा थांबला. "हे थोडी टाइट गेली," तो स्वतःशीच म्हणाला. ते माझ्याशी बोलणे नव्हते, म्हणून मी उत्तर दिले नाही. त्याने तीनदा चावी फिरवली, कागदाच्या पट्ट्या लावल्या, चारही कोरड्या. "आता माझी जबाबदारी, काकाजी," तो म्हणाला. मी मनात म्हटले की जबाबदारीत माझाही थोडा वाटा आहे, आणि त्या विचाराने मला समाधान वाटले, हे लपवत नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. ओटीचे सामान मांडीवर घेऊन शोभा शेजारी बसली. टिकाराम कुंपणाशी उभे होते. त्यांनी काही न बोलता अंगाच्या साबणाची एक वडी खिडकीतून आत दिली. हा समेट आहे की टोमणा, हे मला ठरवता आले नाही, म्हणून मी ती ठेवून घेतली.

भंडाऱ्यापर्यंत काही नाही. पवनीपर्यंतही काही नाही. पवनी सोडल्यावर, वैनगंगेचा पूल समोर दिसू लागला तेव्हा, शोभाने आपल्या बाजूची काच खाली केली.

सोमवारी जी बोलली होती ती शुक्रवारी बोलत नव्हती, यावरून प्रकरण कोणत्या थराला गेले ते वाचकाने समजावे. मी म्हटले की बाहेर हवा चांगली आहे. तिने हो म्हटले आणि ओटीचे सामान मांडीवरून उचलून मागच्या सीटवर ठेवले, म्हणजे दार चटकन उघडता यावे. पूल संपला की मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि झाकण उघडले. ऊन चढले होते. इंजिनावर हवा थरथरत होती. ओल कुठेच दिसेना. दिसणार तरी कशी? गरम लोखंडावर आलेले पेट्रोल क्षणात उडून जाते आणि मागे फक्त वास उरतो. मी दूर उभा राहून अर्धा तास इंजिन निवू दिले. आजूबाजूला धानाच्या बांध्या, रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.तले लोक आमच्याकडे पाहत होते, आणि घड्याळ पुढे जात होते. शोभा वीस पावलांवर बांधावर उभी होती. तेथून तिने विचारले, "परत फिराचं का?"

मी म्हटले, नाही. उरलेले अंतर मी सायकलच्या वेगाने कापले, सर्व काचा उघड्या, एक हात दाराच्या कडीवर.

लाखांदूरला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. चहा झाला. तृप्ती निळ्या साडीत बाहेर आली, चेहरा उतरलेला पण हसरा, आणि गाडीपाशी आली. तिने दाराला हात लावला, आणि तोच हात पदर घेऊन नाकाशी गेला. क्षणभरच. लगेच तिने पदर खाली सोडला आणि म्हणाली की काही नाही, तिला आजकाल सगळ्याचाच वास येतो. मला सांभाळून घेण्यासाठी ती खोटे बोलत होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

उषाबाईंनी पाहिले. जावई अनुप यानेही पाहिले. "मामाजी, एक मिनिट बघू का?" असे म्हणून त्याने झाकण उघडले आणि शोभाला नुसती चावी फिरवायला सांगितली. टाकी गुणगुणली. आणि आम्ही सर्वांनी तिसऱ्या इंजेक्टरच्या मानेशी एक केसाएवढे टोक बाहेर आलेले पाहिले. सोनेरी रंगाचे. त्याच्या टोकाशी थेंब जमू लागला, फुगला, आणि ठिबकला. दुसरा जमू लागला. दिव्याची वात तेल ओढते तसा तो धागा आतले पेट्रोल ओढून बाहेर आणत होता.

"हे काय?" उषाबाई म्हणाल्या. "त्या मिस्त्रीनं चिंधी बांधून देली का? सात महिन्याची पोर बसनार हाये म्हनून सांगतलं नोहोतं त्याले?"

अनुपने माझ्याकडून नंबर घेऊन राजकुमारला फोन लावला, आवाज मोठा केला, आणि गळती सांगितली. धाग्याबद्दल त्याने काही म्हटले नाही. त्याला ते पुसायच्या फडक्याचे तूस वाटले असावे.

"माझ्याच हातून काही राहिलं असन, दादा," राजकुमार म्हणाला. "बसवली म्याच. ते टाइट गेली तवाच मले पाहाले पाह्यजे होतं. काकाजीले काही नका म्हनू. गाडी चालू नका करू, मी आत्ता फटफटीनं निघून राहिलो."

उषाबाईंनी मान हलवली: हेच तर त्या म्हणत होत्या. अनुपनेही मान हलवली. प्रकरण मिटले होते. दोष ठरला होता, दोषी कबूल झाला होता, आणि माझ्या प्रतिष्ठेला त्यात ओरखडाही उठला नव्हता. मी फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसण्याचा सराव मी आदल्या दिवशीच केला होता.

तृप्ती पुढे झाली. तिने वाकून ते टोक दोन बोटांत धरले आणि किंचित पिळले, सूत पारखताना पिळतात तसे. तिचे बालपण मागांच्या घरात गेले आहे. तिने माझ्याकडे पाहिले.

"राजकुमार," मी म्हणालो. "तो धागा माझा आहे. तू जेवायला गेलास तेव्हा मी घातला. रिंगेच्या खाली, दोन वेढे."

एवढे थोडके बोलणे मी कित्येक वर्षांत केले नव्हते.

"काकाजी, म्या हात नका लावू म्हनलं होतं."

"हो."

"मंग काहून लावला?"

माझ्यापाशी मुद्दे होते. मोरीचा नळ होता, अकरा वर्षे होती, तीन पिढ्यांचा अनुभव होता. त्यांतला एकही मला सापडला नाही.

"तृप्ती बसणार होती म्हणून," मी म्हणालो.

राजकुमारने मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. मग तो म्हणाला की तो येतो, धागा काढतो, रिंग कापली गेली नसेल तर तीच चालेल, आणि तोवर पोरीला त्या गाडीजवळही उभे करू नये. फोन बंद झाला. बारा वाजायला वीस मिनिटे होती. मी खाली पाहत उभा होतो, कारण वर उषाबाई होत्या.

त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात नव्या गाडीची चावी होती. ती त्यांनी अनुपला दिली नाही. माझ्या हातात ठेवली.

"इवाईजी, लेकीले बाप नेते, अशी रीत हाये. गाडी कोनाची, हे कोनी पुसत नाही. अनुप मिस्त्रीसाठी थांबन, तुमची गाडी उद्या आनून देईन. चला, बारा वाजून राहिले." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आन् आमच्या गाडीले काही बांधू नका."

त्या गाडीत बसताच एका अदृश्य बाईने मला पट्टा बांधायला सांगितले. मी वाद घातला नाही. पहिल्या वळणावर वळणाचा दिवा लागण्याऐवजी काच धुण्याचे पाणी उडाले, दुसऱ्यावर पुन्हा उडाले, आणि तृप्ती मागे हसली. पवनीच्या पुलावर मी काचा बंद आहेत याची खात्री केली आणि हळूच नाक वर करून वास घेतला. कसलाच नव्हता. आरशात पाहिले तर तृप्ती झोपली होती, आईच्या खांद्यावर, तोंड थोडे उघडे, शाळेतून येताना झोपत असे तशी. मी शंभर किलोमीटर एकही हॉर्न न वाजवता आलो.

मोहाडीजवळ शोभा प्रथमच बोलली. "शेगडीच्या नळीचा धागा आजच काढा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आन् घरातले सगळेच काढा. पोरगी आहे आता घरात."

मी त्याच दिवशी सर्व धागे काढले. शेगडीला नवी नळी आणली. गाडी दुसऱ्या दिवशी आली. अनुपबरोबर राजकुमारही होता, आणि तेव्हापासून आंधळगावचे गिऱ्हाईक आले की इंजिन उघडण्यापूर्वी तो त्याला खिसे रिकामे करायला लावतो. तृप्ती ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि मी तिला थांबवत नाही.

मात्र धागा काढल्या दिवसापासून मोरीचा नळ रात्रंदिवस गळतो आहे. नोंद म्हणून सांगतो, पाण्याच्या बाबतीत माझे मत आजही कायम आहे.